शिकागोपर्यंत सोबत

आमच्या आईला सोबत लागते. तुळशीबागेत जायला लागते, बँकेत जायला लागते, लोणी काळभोरला मावशीकडे जायला तर लागतेच, आणि मावशीकडून परत यायला वेगळी लागते. तिला रस्ते माहीत नसतात असं नाही. पण बाईमाणसानं एकटीनं निघायचं म्हणजे आपल्या मागेपुढे कुणी नाही असं गावाला सांगत फिरायचं, असं तिचं मत आहे, आणि आईचं मत बदलायला अजून कुणी जन्माला आलेलं नाही. त्यामुळे २००४ च्या जानेवारीत तिला अमेरिकेला पाठवायची वेळ आली, तेव्हा घरात पहिला प्रश्न तिकिटाचा निघाला नाही, गरम कपड्यांचाही निघाला नाही. सोबतीचा निघाला.

जायचं होतं दीपमालाताईकडे, सेंट लुईसला. ताई माझी थोरली बहीण. तिचे दिवस भरत आले होते. हे दुसरं बाळंतपण. पहिलं बाळ आदल्या वर्षी सातव्या महिन्यातच गेलं. सुदर्शन, म्हणजे माझे मेहुणे, तेव्हा कंपनीच्या कामासाठी दुसऱ्या गावी होते आणि बर्फामुळे विमानं अडकली होती. ताई दोन दिवस त्या दवाखान्यात एकटी पडून होती. आम्ही इथून फोन करत होतो, पण फोनवरून कपाळावर हात ठेवता येत नाही. त्यानंतर आईनं एकच ठरवलं. पुढच्या खेपेला बाळ येईल तेव्हा ती ताईच्या उशाशी असणार. या विषयावर घरात पुन्हा चर्चा झाली नाही, कारण आईनं होऊच दिली नाही.

बाबांना जाता येत नव्हतं. त्यांची बायपास नुकतीच झाली होती. मला जाता येत नव्हतं, कारण मुंबईला व्हिसाच्या खिडकीतल्या गृहस्थांनी माझा पगार विचारला, लग्न झालंय का विचारलं, आणि मी तिकडून परत येईन असं त्यांना वाटेना. मी हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करते, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधते आणि त्यांना त्या कबूल करायला लावते. असा स्वभाव चेहऱ्यावर दिसत असणार. आईला त्याच खिडकीत मिनिटभरात दहा वर्षांचा व्हिसा मिळाला. तिनं दुभाष्याला सांगितलं, लेकीचं बाळंतपण आहे, आणि पलीकडचा माणूस म्हणे चक्क हसला.

सुदर्शननी प्रवास ठरवला तो असा: पुणे ते मुंबई गाडीनं, मुंबई ते फ्रँकफर्ट, फ्रँकफर्ट ते शिकागो, शिकागो ते सेंट लुईस. आता पुणं म्हणे आयटीचं मोठं केंद्र झालंय. रोज सकाळी आम्ही हजारो माणसं बसमध्ये कोंबून हिंजवडीला नेली जातो आणि तिथे अमेरिकेतल्या लोकांची कामं करतो. पण अमेरिकेला जायचं तर आधी घाट उतरून मुंबई गाठायची, कारण आमचा विमानतळ हवाई दलाचा. लढाऊ विमानांची हौस फिटली की मग आमची दोन-चार विमानं दिल्लीला नि बंगलोरला उडणार. आणि तिकडे त्या एवढ्या मोठ्या देशातही सरळ कुठं जाता येत नाही. मी इंटरनेटवर नकाशा काढून पाहिला. जिथून तिथून रेघा शिकागोला जातात, अटलांटाला जातात, डॅलसला जातात, आणि तिथून पुन्हा बाहेर पसरतात. शेजारच्या गावाला जायचं तरी आधी तिथे हजेरी लावायची.

बाबांना हा नकाशा फार आवडला. ते रेल्वेतून निवृत्त झाले आहेत आणि आयुष्यात एकदाही विमानात बसलेले नाहीत.

"शिकागो म्हणजे त्यांचं मनमाड," ते म्हणाले. "हे अटलांटा भुसावळ. आणि हे डॅलस म्हणजे आपलं दौंड. काही अवघड नाही. गाडी बदलायची, एवढंच."

"बाबा, तिथं उतरल्यावर पासपोर्ट दाखवायचा, सामान घ्यायचं, पुन्हा द्यायचं, आणि दुसऱ्या टर्मिनलला जायला वेगळी ट्रेन आहे."

"ट्रेन आहे ना? मग तर प्रश्नच मिटला."

आईनं दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सोबत बघा."

मग सुरू झालं सोबत-संशोधन. पुण्यात स्थळं शोधतात तशी हल्ली अमेरिकेची सोबत शोधतात. देवळात सांगून ठेवतात, भाजीवाल्याला सांगून ठेवतात, भिशीत विषय काढतात. फरक एवढाच की स्थळात निदान मुलगा कुठल्या गावचा आहे हे तरी विचारतात. बाबांचे मित्र हिंदुराव दुसऱ्याच दिवशी आनंदाने जिना चढून आले. त्यांच्या साडूचा मुलगा चालला होता.

"कुठं?" मी विचारलं.

"अमेरिकेला."

"अमेरिकेत कुठं?"

"आता अमेरिकेत कुठं म्हणजे काय? अमेरिकेत."

साडूंना फोन लावला, तेव्हा मुलगा सॅन फ्रान्सिस्कोला, तोही सिंगापूरवरून चालल्याचं कळलं. म्हणजे आई पश्चिमेला निघणार आणि तिची सोबत पूर्वेला. हिंदुराव म्हणाले, "पृथ्वी गोल आहे." चहा पिऊन गेले.

मग मावशीनं लोणीहून तिच्या शेजारच्या उत्तरेश्वरला पाठवलं. त्याचा भाचा ह्यूस्टनला होता आणि सुट्टी संपवून परत चालला होता. "ताई, तुमी काय बी काळजी करू नका," उत्तरेश्वर मला म्हणाला. "पोरगं हुशार हाय. ह्यूस्टनला उतरलं की आईंना सेंट लुईसच्या एस्टीत बसवून देतो म्हनलाय." मी त्याला ह्यूस्टन ते सेंट लुईस हे अंतर पुणे ते थेट हैदराबादच्याही पलीकडचं आहे असं समजावलं. त्यानं मान डोलावली. "मग रातराणी आसंल," म्हणाला.

तिसरा साई, माझ्याच ऑफिसातला. कंपनी त्याला शिकागोला पाठवत होती, तारीखही जवळपास तीच. मी त्याला घरी जेवायला आणलं. आईनं पुरणपोळ्या केल्या, तो सहा जेवला, आणि वाट्टेल ते झालं तरी काकूंना सेंट लुईसच्या विमानात बसवूनच पुढे जाईन म्हणाला. आठवड्यानं त्याचा फोन आला. "सॉरी काकू, लास्ट मोमेंटला शेड्यूल चेंज झालं. क्लायंट बोलला मार्चमध्ये या." आई म्हणाली, "असू दे हो. पोळ्यांचं शेड्यूल काही मागे नेता येत नाही, एवढंच." आणि फोन ठेवून माझ्याकडे असं पाहिलं की जणू क्लायंट मीच.

शेवटी सोबत दिली ती तिकीट काढून देणाऱ्यानं. अप्पा बळवंत चौकाजवळ त्याचं छोटं ऑफिस होतं. त्याचा फोन आला, "मॅडम, मिळाली. मुंबई ते शिकागो सेम विमानं. पुढे त्या इंडियानापोलिसला जाणार. परवीनबाई म्हणून आहेत, फार चांगलं घर आहे. त्याही सोबत शोधतच होत्या." या शेवटच्या वाक्याला मी तिथेच अडवायला हवं होतं, पण मी तेव्हा महिनाभर सोबत शोधून इतकी कावले होते की फोनवरच त्याला धन्यवाद दिले.

रविवारी ती मंडळी आमच्याकडे शनिवार पेठेत आली. परवीनचाची, त्यांचे यजमान अय्युबभाई आणि मुलगी जोया. अय्युबभाईंचा मार्केट यार्डात लसणाचा व्यापार. येताना पिशवीभर लसूण घेऊन आले होते. जोया माझ्यापेक्षा लहान, कॉलेजात शिकणारी. चाची आईच्याच वयाच्या, गोऱ्या, बुटक्या, हसऱ्या. मुलगा एजाज तीन वर्षांपूर्वी इंडियानापोलिसला गेला तो परत आला नव्हता, म्हणून आता याच निघाल्या होत्या.

"तुम्ही आहात म्हणून आम्ही अगदी निर्धास्त," अय्युबभाई म्हणाले.

"छे छे, उलट तुम्ही आहात म्हणून आम्ही," बाबा म्हणाले.

सगळे हसले. मला वाटलं, रीत चालली आहे. जेवायला बसताना आधी तुम्ही, नाही आधी तुम्ही, असं चालतं, त्यातलाच प्रकार. तुम्ही याआधी विमानात बसलाय का, असा प्रश्न कुणीच कुणाला विचारला नाही. घरी बोलावलेल्या पाहुण्याला असं विचारायचं म्हणजे त्याची लायकीच काढायची. तेवढं आम्हाला कळतं, आणि त्यांनाही कळत होतं.

दोघी स्वयंपाकघरात गेल्या. मी चहा गाळता गाळता ऐकत होते.

"तिकडं थंडी कशी असते हो भाभी?" चाचींनी विचारलं.

"पुष्कळ," आई म्हणाली. इतक्या ठामपणे म्हणाली की मलाच क्षणभर वाटलं ही जाऊन आली की काय. मग तिनं विचारलं, "आणि ते शिकागोला उतरल्यावर कसं असतं?"

"काय नाय, उतरलं की झालं," चाची म्हणाल्या.

आईनं माझ्याकडे समाधानानं पाहिलं. अनुभवी माणसं थोडक्यात बोलतात, असं मलाही वाटलं.

निघायच्या दिवशी दोन्ही घरं एकाच गाडीतून मुंबईला गेली. आईनं नऊवारीवर ताईनं धाडलेला कोट चढवला होता, चाचींनी बुरख्यावर एजाजनं धाडलेला. विमानतळाच्या दारात दोघींनी एकमेकींचा हात धरला आणि आत गेल्या. आईनं मागे वळूनही पाहिलं नाही. तिला सोबत मिळाली होती, आता आमची गरज नव्हती.

परतताना घाटाच्या पायथ्याशी आलो तोवर उजाडलं होतं. गाडी फूड मॉलला थांबली. बाबा आणि अय्युबभाई चहा घ्यायला गेले, मी आणि जोया वडापाव घेऊन बाकावर बसलो.

"बरं झालं दीदी, आंटी भेटल्या," जोया म्हणाली. "नाहीतर अम्मीला पाठवायची आमची हिंमतच नव्हती. ती तर कधी विमानातच बसली नाहीये."

माझा घास तोंडातच राहिला. "चाची याआधी गेल्या नाहीत अमेरिकेला?"

"अमेरिका? अम्मी सोलापूरच्या पुढे गेली नाहीये. का? आंटी तर दोन-तीनदा जाऊन आल्यात ना?"

"कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला पाहिजे? बोलण्यावरून कळतं की." ती थांबली. माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. "दीदी. आंटी गेल्यात ना?"

मी वडापाव कागदात परत गुंडाळला. त्या वेळी आमच्या दोघींच्या आया समुद्रावर कुठंतरी होत्या, एकमेकींच्या भरवशावर, आणि दोघींनाही आपण निवांत आहोत असं वाटत असणार. मी आधी तिकीटवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, दोघींनाही सोबत हवी होती, दोघींना मिळाली. माझी काय चूक?"  माझ्या कामात याला दोन्ही अटी पूर्ण झाल्या असंच म्हणतात.

बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "दोन नवशिके मिळून एक जाणता होतो."  अय्युबभाई पुण्यापर्यंत खिडकीबाहेर बघत तोंडातल्या तोंडात काही म्हणत होते. प्रार्थना असावी, नाहीतर तिकीटवाल्याला शिव्या असाव्यात.

तो दिवस कसाबसा गेला. सुदर्शननी कळवलं की फ्रँकफर्टहून विमान सुटलं आणि दोघींची नावं आत आहेत. म्हणजे निम्मं पार पडलं होतं. उरलं शिकागो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅसवर दूध ठेवलं होतं, तेव्हा सुदर्शनचा फोन आला. तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. आवाज चढलेला.

"आई आल्याच नाहीत. विमान आलं, सगळी माणसं उतरली, आई नाहीत. आणि हे बघ, बाबांना एकदम सांगू नकोस, पण दीपाला कळा सुरू झाल्यात. दहा दिवस आधीच. मी तिला घेऊन दवाखान्यातच चाललोय."

मागून ताईचा आवाज आला. "तिला विचार, आई कुठं आहे." मग पुन्हा, मोठ्यानं, "आई कुठं आहे?"

मी शोधते म्हणाले. फोन ठेवला तर लगेच जोयाचा आला. एजाज इंडियानापोलिसच्या विमानतळावर उभा होता आणि त्याचीही आई उतरली नव्हती. दूध उतू गेलं. बाबा हातात अमेरिकेचा नकाशा घेऊन दारात उभे, त्यांना कुणीच काही सांगितलेलं नव्हतं आणि सगळं कळलेलं होतं.

मग आमचा जुना लँडलाइन वाजला. आईला जगात तो एकच नंबर पाठ आहे.

"हॅलो, मी बोलतेय," आई म्हणाली. "एका मुलाचा मोबाइल घेतलाय, तेलुगू आहे बिचारा, त्याचं बिल वाढवू नकोस, पटकन बोल."

"तू कुठं आहेस?"

"शिकागोला."

"तुझं विमान?"

"गेलं."

"आणि चाचींचं?"

"तेही गेलं. आम्ही दोघी आहोत इथं. छान बसलोय."

मी डोळे मिटून घेतले. मग तिनं सांगितलं ते असं. शिकागोला उतरून पासपोर्ट, सामान, ट्रेन, सगळं दोघींनी इतर लोकांच्या मागे मागे जाऊन पार पाडलं. पुढे आईचं विमान एका टोकाला होतं आणि चाचींचं दुसऱ्या टोकाला. हाताशी वेळ होता, म्हणून आई चाचींना त्यांच्या गेटपर्यंत पोचवायला गेली. तिथं चाची म्हणाल्या, आता तुम्ही एकट्या परत कशा जाणार, आणि तिला पोचवायला निघाल्या. आईच्या गेटवर आल्यावर आईला वाटलं, आता या एकट्या परत कशा जाणार.

"आणि तू पुन्हा गेलीस."

"मग काय करणार? माणसाला जिन्यापर्यंत तरी पोचवतातच की."

"आई, ते शिकागो आहे. आपला जिना नाही."

"मला शिकवू नकोस. सकाळचं विमान देतो म्हणाल्यात इथल्या काउंटरवरच्या बाई. दीपूला सांग, काळजी करू नको."

तेव्हा मला सांगावंच लागलं.  तिच्या मागे कुठलीशी घोषणा चालली होती, ती संपली, दुसरी सुरू झाली.

"आज दुसरं विमान नाही का गं?" आईनं विचारलं. हा आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता.

नव्हतं. मी सुदर्शनना विचारलं, साईलाही विचारलं, इंटरनेटवर शोधलं. मिलवॉकी, डेट्रॉइट, मिनियापोलिस, त्या नकाशावरच्या एकेका रेघेवरून बोट फिरवलं. जगात सगळ्यात जास्त विमानं उडतात म्हणे तो देश, शेकडो विमानतळ, आणि माझ्या आईला शेजारच्या राज्यात न्यायला त्या संध्याकाळी एक जागा नव्हती. बर्फ पडत होता, म्हणून एजाजलाही गाडी काढता येईना. बाबा म्हणाले, "मनमाडला असं होत नाही." मी त्यांना त्यांची गोळी आणून दिली.

मी ऑफिसला गेले. घरी बसून करायचं तरी काय? जेवणाच्या सुट्टीत सुदर्शनचा फोन आला. मुलगी झाली. दोघी ठीक. मी कँटीनमध्ये सगळ्यांदेखत रडले. मग त्यांनी फोन ताईच्या कानाला लावला.

"आई नाही आली," ताई म्हणाली.

"येतेय ताई. सकाळी पोचेल."

"मला आता नकोय. तेव्हा हवी होती." आणि फोन सुदर्शनकडे दिला.

मला आईचा राग आला. असा आला की तो दिवसभर उतरला नाही. नवखी आहे, गोंधळली असेल, असं स्वतःला समजावून पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तेवढाही आधार गेला. जोयाचा फोन आला. चाची इंडियानापोलिसला पोचल्या होत्या आणि घरी आल्या आल्या त्यांनी सगळं सांगितलं होतं.

"दीदी, रागावू नको," जोया म्हणाली. "अम्मी म्हणते, आंटी गोंधळल्या नव्हत्या. दोघी आंटींच्या गेटवर आल्या तेव्हा विमानात लोक बसत होते. आंटींचं नाव पुकारलं. गेटवरची बाई त्यांना हातानं बोलवत होती. अम्मी रडायला लागली, तिला तिचा गेट आठवेना, भाषा कळेना. आंटींनी त्या बाईला हात जोडले आणि अम्मीला घेऊन माघारी फिरल्या. अम्मी म्हणाली, जा, जा. त्या गेल्याच नाहीत."

म्हणजे आईला समोर उघडं दार दिसत होतं. तिथून पुढे तास-दीड तासावर तिची लेक होती. आणि ती एका लसणाच्या व्यापाऱ्याच्या बायकोसाठी माघारी फिरली, जिला ती पंधरा दिवसांपूर्वी ओळखतही नव्हती. ताईला कळा लागतील हे तिला तेव्हा माहीत नव्हतं, हे खरं. पण वर्षभर आम्ही दुसरं ऐकलं होतं काय? मी उशाशी असणार. मी असणार.

दोन दिवस मी आईशी बोलले नाही. बाबा बोलायचे, बाळ कुणावर गेलंय वगैरे. ताई आईशी जेवढ्यास तेवढं बोलत होती, हे सुदर्शनकडून कळत होतं. तिसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, आईनं स्वतःच माझं नाव घेऊन मला फोनवर बोलावलं आणि मी दोन दिवस साठवलेलं सगळं तिच्यापुढे ओतलं. विमानात तुझी जागा होती. तुझं नाव पुकारत होते. तू ताईसाठी गेली होतीस की त्यांच्यासाठी? सोबत तुला हवी होती ना, मग तू कशाला सोबत होत बसलीस?

 

"झालं बोलून?" आईनं विचारलं. "मग ऐक. दीपूचं पहिलं गेलं, तेव्हा त्या दवाखान्यात बायका नव्हत्या का? होत्या की. इथं आता बघते ना मी, सारख्या येत-जात असतात. त्यांनाही घरी जायचं असणार, कुणाची लेक वाट बघत असणार. पण दोन दिवसांत एकीलाही वाटलं नाही की ही परदेशातली पोर एकटी पडलीय, घटकाभर बसावं हिच्याजवळ. मी वर्षभर त्या बायकांवर जळत होते गं. देवापुढे बसले तरी तेच. आणि त्या दिवशी परवीनताई माझा हात धरून रडत होत्या, आणि मला आत बोलवत होते. गेले असते, तर मी कोण झाले असते? तीच बाई ना? मग मी दीपूच्या समोर कुठल्या तोंडानं उभी राहिले असते?"

मी पुण्याची मुलगी आहे. उत्तर माझ्या जिभेवर तयार असतं. त्या दिवशी मी बाळाचं वजन विचारलं.

"दीपूशी बोल," आई म्हणाली. "मी बाळाचं पाणी ठेवते."

फोन ताईच्या हातात गेला. मागे बाळ कुरकुरत होतं.

"ऐकलं मी," ताई म्हणाली. "ती इथंच उभी राहून बोलत होती. तिला वाटतं, फोनवर बोललेलं खोलीतल्या माणसाला ऐकू येत नाही."

"हं."

"मला एक सांग. मुलगी झाली त्या सकाळी आई पहिल्या विमानानं इकडे आली. त्या चाचींचं विमान कधी होतं?"

"दुपारी," मी म्हणाले. "त्यांनीच आईला गेटवर नेऊन आत ढकललं. जोया म्हणत होती, आई वळून वळून बघत होती, तर त्यांनी तोंड फिरवून घेतलं."

"मग तोवर त्यांच्याजवळ कोण होतं?"

"कुणी नाही. एकट्याच बसून होत्या."

पलीकडे ताई बाळाला थोपटत होती. 

"त्यांना म्हणावं," ती म्हणाली, आणि थांबली. "नको. मीच बोलते. एजाजचा नंबर सांग."